रिकामं सोडलेलं नाव

भुंगीला घरात भुंगी म्हणायचे ते काही उगाच नाही. लहानपणी एखादा प्रश्न डोक्यात शिरला की उत्तर मिळेपर्यंत ती घरभर गुणगुणत फिरायची आणि मोठ्यांचं डोकं उठवायची. आता ती बत्तीस वर्षांची झाली, वेबसाइट बनवून पोट भरायला लागली, चष्मा लागला, पण खोड काही गेली नाही. तिच्यासारखीला "हे असं का होतं गं?" असं विचारायचं नसतं. आत्याने विचारलं.

आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल. दोघी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या, एकमेकींवर ओरडायच्या आणि एकमेकींशिवाय जेवायच्या नाहीत.

"भुंगे, आमच्या वाचनालयाची वेबसाइट इतकी का गं रखडते? बटण दाबलं की माणूस हात धुऊन येतो, पुसतो, तरी पान उघडलेलं नसतं."

झालं! भुंगी दुसऱ्याच दिवशी वाचनालयात हजर.

वेबसाइटवर एकच काय तो कामाचा फॉर्म होता. त्यात तीन रकाने. पुस्तकाचं नाव, तुमची मागणी किंवा मत, आणि तुमचं नाव. शेवटच्या रकान्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, "सांगायचं नसल्यास रिकामं सोडा." एखाद्याने नाव घालून पुस्तक मागितलं, तर पुस्तक काढून ठेवायचे आणि फळ्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी लावायचे. नाव नसलं तर ते पुस्तक दाराजवळच्या उघड्या कपाटात ठेवायचे, ज्याने मागितलं असेल त्याने गुपचूप उचलावं म्हणून. मत लिहिलं, तर ते हॉलमधल्या मोठ्या स्क्रीनवर झळकायचं. खाली नाव, आणि नाव नसलं तर "एक वाचक". हा "एक वाचक" गावातला सगळ्यात धीट माणूस होता, काहीही लिहायचा.

भुंगीने आत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं आत्या, कोणी बटण दाबलं की तुझा सर्व्हर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, सुरू करतो. ती उठते, तुझ्या अठरा हजार पुस्तकांची यादी पहिल्यापासून वाचते, एका माणसाला उत्तर देते आणि मरून जाते. पुढचा माणूस आला की दुसरी जन्माला येते, ती पुन्हा अठरा हजार पुस्तकं वाचते, आणि तीही मरते."

"बिचारी!" आत्या म्हणाली.

"बिचारी कसली? वेडेपणा आहे. एका वाचकाला पुस्तक दिलं की तू वाचनालयाला कुलूप लावून घरी जातेस का? पुढचा आला की परत येऊन कुलूप उघडतेस का?"

"नाही. मी सकाळी येते आणि संध्याकाळपर्यंत बसते."

"हिलाही तसंच बसवू. सकाळी एकदा उठेल, यादी एकदाच वाचून डोक्यात ठेवेल, मग दिवसभर जागी राहून एकामागून एक सगळ्यांना उत्तरं देईल. मरायचं नाही."

दीड दिवसात भुंगीने ते काम उरकलं. आणि खरं सांगते, काय झकास चालायला लागली हो ती वेबसाइट! बटणावरून बोट उचलायच्या आत उत्तर समोर. वाचक खूश, आत्या खूश. वाचनालयाच्या कमिटीचे अध्यक्षही खूश, आणि ते खूश होणं फार गरजेचं होतं.

कारण आत्याला पुढच्या महिन्यात साठ वर्षं पूर्ण होणार होती. नियमाने तिने घरी बसायचं. पण कमिटीच्या मनात आलं तर दोन वर्षांची मुदतवाढ देता येत होती, आणि त्यावर येत्या गुरुवारी बैठक होती. आत्या वरवर म्हणायची, "दिली तर दिली, नाही तर राहिलं." पण एका दुपारी भांडी विसळता विसळता तिने भुंगीला पाठमोरं राहूनच सांगितलं होतं, "मला भीती वाटते गं. तू दिवसभर कामावर. या दोन खोल्यांत मी आणि भिंती. मी वेडी होईन." नळ मोठा सोडून मग ती बराच वेळ एकच पातेलं घासत बसली.

तर अध्यक्ष. नळाचे पाइप विकून मोठा झालेला माणूस, म्हणून गावभर त्यांना पाइपवाले म्हणायचे. मनाने वाईट नव्हते, पण अकरा महिन्यांपूर्वी त्यांनी एक कादंबरी लिहिली. "धुक्याआडचे तिचे पाऊल". चारशे बारा पानं. स्वतःच छापली, वाचनालयाला चाळीस प्रती भेट दिल्या आणि दर आठवड्याला येऊन विचारायला लागले, "किती गेल्या?" आत्या म्हणायची, "आहेत बाहेर." खरंही होतं ते. वाचनालयाच्या खिडक्यांच्या झडपा टिकत नसत, त्यामुळे दोन-तीन प्रती कायम बाहेरच्या बाजूला टेकू लावायला असायच्या.

वेबसाइट वेगाने चालायला लागली आणि तिसऱ्या दिवसापासून फळ्यावर गमती दिसायला लागल्या.

पहिली चिठ्ठी लागली ती गणिताच्या निवृत्त मास्तरांच्या नावाची. आयुष्यभर पोरांना छडीने पाढे शिकवलेला माणूस. तेही कमिटीवर होते. चिठ्ठीत लिहिलेलं, "आपण मागितलेले 'पहिल्या चुंबनाच्या बावीस कथा' हे पुस्तक आले आहे." मास्तरांनी चिठ्ठी वाचली, इकडे तिकडे पाहिलं, चिठ्ठी खिशात घातली आणि काउंटरवर येऊन खाकरत म्हणाले, "मी मागवलं नव्हतं. पण आता आलंच आहे, तर..." आणि घेऊन गेले. पंधरा दिवसांची मुदत होती, त्यांनी ती तिथल्या तिथे वाढवून घेतली.

दातांच्या डॉक्टरीणबाई, त्याही कमिटीवर, त्यांच्या नावाने "दाढी राखावी कशी?" आलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांना वाटलं, नवऱ्याने चेष्टा केली. नवऱ्याला वाटलं, बायको टोमणा मारतेय. त्याने दाढी काढून टाकली.

आत्या घरी येऊन हे रंगवून सांगायची आणि दोघी पोट धरून हसायच्या. "लोकांची आवड बदलतेय गं," आत्या म्हणायची. भुंगीही हसायची. तिच्या डोक्यात त्या वेळी प्रश्न कसा नाही शिरला, देव जाणे! एरवी डासाच्या पायावर संशय घेणारी बाई. पण स्वतःचं काम झकास झालंय म्हटल्यावर माणसाची अक्कल जरा पेंगते.

मंगळवारी दुपारी अध्यक्ष चार पाहुण्यांना घेऊन आले. बाहेरगावचे कोणी व्यापारी होते, त्यांना आपलं वाचनालय दाखवायचं होतं. हॉलच्या मधोमध उभं राहून ते हात पसरून सांगत होते, "आणि ही आमची नवी स्क्रीन. वाचकाचं मत क्षणात इथे येतं, क्षणात!" पाहुण्यांनी वर पाहिलं. क्षणात आलेलं मत वर होतंच.

"धुक्याआडचे तिचे पाऊल. चारशे बारा पानं. पहिल्या पन्नास पानांत वादळ येतं आणि पुढे साडेतीनशे पानं ते जायचं नाव घेत नाही. नायक रडतो, नायिका रडते, घोडासुद्धा रडतो. वाचकाची पाळी येईपर्यंत त्याला झोप लागलेली असते. लेखकाला कोणीतरी वेळेवर थांबवायला हवं होतं."

आणि खाली, ठसठशीत अक्षरात, ग्रंथपाल म्हणून आत्याचं संपूर्ण नाव. मधल्या नावासकट.

एक पाहुणा हसला आणि मग खोकल्याचं सोंग केलं. अध्यक्षांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते आत्याच्या टेबलापाशी आले आणि इतकंच म्हणाले, "गुरुवारी बैठकीत बोलू, बाई." मुदतवाढीचा विषयही गुरुवारीच होता हे सांगायची गरजच नव्हती.

संध्याकाळी भुंगी घरी आली तर आत्या दिवा न लावता खुर्चीत बसलेली.

"आत्या, तू लिहिलंस?"

"मी कशाला माझं नाव घालून असलं काही लिहीन? मला वेड लागलंय?" आत्या ताडकन म्हणाली. "दोन दिवसांवर मुदतवाढीची बैठक आलेली असताना! मी नाव घातलेलं नाही, भुंगे. शपथ घेऊन सांगते, त्या रकान्यात मी माझं नाव लिहिलेलं नाही."

भुंगीला एवढं पुरलं. आत्याचं नाव कोणीतरी वापरलं! आणि मग तिला मास्तर आठवले, बावीस चुंबनं आठवली, डॉक्टरीणबाईंची दाढी आठवली, आणि तो नेहमीचा भुंगा, जो आठवडाभर झोपला होता, तो डोक्यात असा गरगरायला लागला की तिने जेवता जेवता ताट बाजूला सारून आपला कॉम्प्युटर उघडला.

दहा मिनिटांत तिला सापडलं. आणि सापडल्यावर तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

चूक एका ओळीची होती. फॉर्ममध्ये नाव आलं असेल तर ते लक्षात ठेव, असं तिने स्क्रिप्टला सांगितलं होतं. नाव आलं नसेल तर काय करायचं, हे सांगितलंच नव्हतं. जुन्या स्क्रिप्टला सांगायची गरज नव्हती. ती प्रत्येक माणसानंतर मरायची, आणि तिच्याबरोबर त्या माणसाचं नावही मरायचं. पुढची जन्मायची ती कोरी पाटी घेऊन. पण आता ही बया मरतच नव्हती! दिवसभर जागी. आधीच्या माणसाचं नाव तिच्या डोक्यात तसंच राहायचं, आणि पुढच्याने रकाना रिकामा सोडला की ती तेच नाव बिनदिक्कत त्याच्या मागणीवर किंवा मतावर चिकटवायची. मास्तरांनी आधी आपल्या नावाने व्याकरणाचं काहीतरी मागितलं असणार. त्यांच्यामागून आलेल्या कोण्या लाजाळू जिवाला हव्या होत्या त्या बावीस कथा.

"आत्या! तू सुटलीस!" भुंगी ओरडली. "चूक माझी आहे! मी गुरुवारी सगळ्यांसमोर सांगते. माझं नाक कापलं जाईल, जाऊ दे. तुझ्या आधी-नंतर कोण आलं होतं तेही सर्व्हरच्या नोंदींत असतं, ते काढून दाखवते."

"नोंदी?" आत्या म्हणाली. "कसल्या नोंदी?"

"सर्व्हर स्वतःची वेगळी नोंद ठेवतो. किती वाजता, कोणत्या कॉम्प्युटरवरून, कोणत्या रकान्यात काय आलं. वाचनालयातच ठेवलेल्या असतात त्या, बैठकीच्या आधी येऊन छापून घेते."

आत्याने बाजूला सारलेलं ताट उचललं आणि आत नेलं. भुंगीला वाटलं, बिचारी दमलीय.

गुरुवारी बैठक अकरा वाजता होती. भुंगी दहा वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत पोचली. तिथे वाचनालयाचा बाइंडर खळीत हात बुडवून बसला होता. जाडजूड माणूस, फाटलेली पुस्तकं शिवायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायचा.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "ज्याने लिहिलं त्याला माझ्याकडून शाबासकी. मी तर त्या पुस्तकाची बांधणी पाहूनच सांगितलं होतं त्यांच्या तोंडावर, साहेब, पान उघडलं की हातात येतंय, असं कोण छापतं?"

"काका, हळू बोला," भुंगी म्हणाली आणि मंगळवारच्या नोंदींचा कागद छापून घेतला.

बोट फिरवत ती खाली आली. दुपारी दोन वाजून बारा मिनिटं. कॉम्प्युटर क्रमांक एक. एका नकाशांच्या पुस्तकाची मागणी, नाव आत्याचं. बरोबर, हेच ते नाव डोक्यात राहिलेलं. पुढची ओळ. दोन वाजून सोळा मिनिटं. "धुक्याआडचे तिचे पाऊल." मत. नावाचा रकाना रिकामा.

कॉम्प्युटर क्रमांक एक.

भुंगीने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. क्रमांक एक म्हणजे आत्याच्या टेबलावरचा. वाचकांचे दोन आणि तीन. म्हणजे... नाही, नाही. बाइंडरही कधीमधी तिथे बसून दुरुस्त पुस्तकांची यादी घालतो. तो असेल. तोच असेल! मग तिने मत पुन्हा वाचलं. "जायचं नाव घेत नाही." हे शब्द ती रोज ऐकायची. पाहुणे आले, सर्दी झाली, शेजारच्यांचं टीव्हीचं भांडण सुरू झालं, की आत्याचं एकच वाक्य. आणि मंगळवारी काय म्हणाली होती ती? "त्या रकान्यात मी माझं नाव लिहिलेलं नाही." अगदी खरं. एकेक अक्षर खरं!

"अगं बाई गं," भुंगी म्हणाली आणि कागदाची बारीक घडी घातली.

बाहेर आत्या खुर्च्या मांडत होती. तिने भुंगीकडे पाहिलं, भुंगीच्या मुठीतल्या घडीकडे पाहिलं, आणि पुन्हा खुर्च्या मांडायला लागली. आधीच सरळ असलेली खुर्ची तिने तीनदा सरळ केली.

बैठकीला तिघं कमिटीचे. अध्यक्ष, मास्तर, डॉक्टरीणबाई. अध्यक्षांनी घसा साफ केला तेवढ्यात भुंगी उभी राहिली. एकदा ठरवलं होतं ते करायचं. खोटं एक अक्षर बोलायचं नाही, आणि विचारलं नाही ते सांगायचं नाही. आत्याचीच भाची ती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. मरणारी स्क्रिप्ट, न मरणारी स्क्रिप्ट, डोक्यात राहिलेलं नाव. मास्तरांना पाचवीचं गणित नीट सुटल्यावर व्हायचा तसा आनंद झाला. डॉक्टरीणबाईंना "म्हणजे ती दाढी!" एवढंच कळलं. अध्यक्षांना काहीच पटलं नाही.

"गोष्टी सांगू नका. दाखवा."

"दाखवते. चूक अजून तशीच ठेवलीय. तुम्ही फॉर्ममध्ये एखादं मत लिहा, स्वतःच्या नावाने."

अध्यक्षांनी एका बोटाने टाइप केलं, "आमचे वाचनालय उत्तम आहे," आणि खाली नाव घातलं. स्क्रीनवर ते झळकलं.

"आता डॉक्टरीणबाई, तुम्ही काहीही लिहा. नाव मात्र रिकामं सोडा."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर विचार केला. मग त्यांच्या गालावर एक खळी पडली आणि त्यांनी भराभर लिहिलं. बटण दाबलं. हॉलमधले वाचक, कमिटी, सगळ्यांनी माना वर केल्या.

"अध्यक्षांची भाषणं फार लांबतात. मागच्या वेळी मला दोनदा डुलकी लागली." आणि खाली नाव, अध्यक्षांचं.

मास्तर असे हसले की त्यांच्या कवळीने जागा सोडली. हॉलमध्येही खसखस पिकली.

"हे मी लिहिलेलं नाही!" अध्यक्ष ओरडले.

"आत्याच्या नावाचंही असंच झालं," भुंगी म्हणाली. यातही खोटं काही नव्हतं.

अध्यक्ष बसले, पुन्हा उठले, पुन्हा बसले. मोठ्या कष्टाने त्यांनी मान हलवली. "बाई, तुमच्यावर उगाच राग धरला. यंत्राने घोटाळा केला. मुदतवाढीला माझी हरकत नाही."

भुंगीचा जीव भांड्यात पडला. पडला खरा, पण पुरता पडायच्या आत अध्यक्षांनी बोट वर केलं.

"पण मग लिहिलं कोणी? आणि मला माहीत आहे कोणी ते! तो बाइंडर! माझ्या तोंडावर माझ्या पुस्तकाला नावं ठेवली होती त्याने. तोच तो. इतकी वर्षं वाचनालयाचं काम देतोय आपण त्याला. उद्यापासून बंद. दुसरा बघू."

"पण पुरावा..." मास्तर म्हणाले.

"पुरावा कशाला हवा? दुसरं कोण लिहिणार असलं?"

भुंगीच्या मुठीत तो कागद होता. उघडावा तर आत्या गेली. न उघडावा तर बाइंडर गेला, आणि त्या माणसाने फक्त खळ कालवली होती. तिने आत्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर रडलीच असती.

"अध्यक्षसाहेब," आत्याचा आवाज आला. "बाइंडरचं काम बंद करू नका. ते मी लिहिलंय."

अध्यक्ष गर्रकन तिच्याकडे वळले.

"नाव रिकामं सोडलं होतं मी," आत्या म्हणाली. तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. "भ्याले होते. एकतीस वर्षं लोकांना सांगत आले, मोकळेपणी लिहा, आणि माझी वेळ आली तेव्हा पळाले. मंगळवारपासून भाचीच्या मागे लपले, आणि आत्ता त्या बिचाऱ्याच्या मागे लपणार होते. लाज वाटली. या यंत्राने आठवडाभर सगळ्यांची चुकीची नावं लावली, पण त्या मतावर नेमकं माझंच लावलं. तेवढं एक बरोबर होतं."

अध्यक्षांचा चेहरा आता लालही नव्हता आणि पांढराही नव्हता. शाळेत पहिल्यांदाच नापास झालेल्या पोरासारखे ते दिसत होते.

"तुम्ही ते सगळं वाचलंत?" त्यांनी विचारलं.

"दोनदा."

"दोनदा? का?"

"पहिल्यांदा वाटलं, माझंच लक्ष नसेल. नव्वदाव्या पानावर तुमच्या नायिकेचा भाऊ बुडून मरतो. एकशे चौऱ्याऐंशीवर तो तिला पत्र लिहितो. म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तरी मेलेलाच होता."

अध्यक्षांनी हात पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी कपाटातली एक प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी नव्वदावं पान काढलं, मग एकशे चौऱ्याऐंशीवं काढलं, ते सुटून हातात आलं. ते वाचत बसले. मग हळूच मान वर करून त्यांनी मास्तरांना विचारलं, "तुम्हाला दिसलं नाही हे? तुम्ही तर म्हणालात, अप्रतिम."

"प्रस्तावना अप्रतिम होती," मास्तर म्हणाले आणि बुटांकडे बघायला लागले. डॉक्टरीणबाईंना एकदम खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

"अकरा महिने," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज अगदीच बारीक झाला होता. "अकरा महिने सगळे म्हणतात छान, छान. घरी बायको म्हणते छान. एकालाही मेलेला भाऊ दिसला नाही." आणि ते उठले, कोणाकडे न बघता जिन्याने खाली गेले.

"गेले," मास्तर पुटपुटले. "आता कसली मुदतवाढ?"

आत्या खुर्चीत बसली. भुंगी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तिचा हात हातात घेतला. "आपण रोज दुपारी कुठेतरी जात जाऊ," भुंगी म्हणाली. "मी काम घरी आणीन. तुला एकटी नाही ठेवणार." खिडकीतून खाली अध्यक्षांची गाडी दिसत होती. ते मागचं दार उघडून आत वाकले होते. बराच वेळ वाकलेलेच होते.

दहा मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली. अध्यक्ष धापा टाकत वर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर कापडात बांधलेला एक गठ्ठा होता. त्यांनी तो आत्याच्या टेबलावर ठेवला तेव्हा टेबल करकरलं.

"दुसरी कादंबरी," ते म्हणाले. "अजून छापायला दिलेली नाही. अजून कोणाला दाखवलीही नाही. बाई, तुमची दोन वर्षांची मुदतवाढ मी आत्ता मांडतो. पण ही तुम्ही आधी वाचायची. आणि मंगळवारी लिहिलंत तसंच लिहायचं, काही राखून ठेवायचं नाही. खाली नाव घालून."

आत्याने गाठ सोडली. वरचं पान पाहिलं, मधलं पाहिलं, मग गठ्ठा कडेने उचलून शेवटच्या पानावरचा आकडा पाहिला. नऊशे सदतीस. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"अध्यक्षसाहेब," ती म्हणाली, "दोन वर्षांत नाही होणार. तीन करा."

अध्यक्षांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग बैठकीची वही पुढे ओढली, मुदतवाढीच्या ठरावात आधीच लिहिलेला दोनाचा आकडा खोडला, आणि तीन लिहून खाली सही केली.